विश्वाचा अंत आणि त्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत एक पालक शाळेंत आमच्या भेटीस आले. त्यांचा मुलगा आठव्या इयत्तेंत शिकतो. विश्व दिवसेंदिवस फुगत आहे व एक दिवस तें टराटर फाटून जाणार आहे, असें कोठेंसें त्याच्या ऐकण्यांत आलें. तेव्हांपासून त्यास रात्रीं नीट झोंप येईना व तो खोलींतला दिवा मालवूं देईना. पालकांनीं मोठ्या संकोचानें विचारलें, "गुरुजी, हें खरें आहे काय? आणि खरें असेल तर मुलांच्या कानांवर तें इतक्यांत कशाला घालावें?" दोन्ही प्रश्न रास्त होते. त्या दिवशीं आम्हीं दिलेलें उत्तर घाईचें व अपुरें होतें. तें पुरें करावें, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

जगबुडीची भीति आपल्या लोकांस नवी नाहीं. १९६२ सालच्या फेब्रुवारींत मकर राशींत ग्रहांची मोठी गर्दी झाली. त्या अष्टग्रहीच्या वेळीं देशभर प्रलयाची हूल उठली, ठिकठिकाणीं यज्ञयाग झाले, आणि ते दिवस इतर दिवसांसारखेच उगवले व मावळले. १९७९ च्या जुलैंत 'स्कायलॅब' नांवाची अमेरिकन अंतराळप्रयोगशाळा कोसळणार अशी वार्ता आली, तेव्हांहि पुष्कळ माणसें धास्तावलीं. तिचे तुकडे हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत पडले. २००८ च्या सप्टेंबरांत जिनीव्हा शहराजवळचें कणांच्या टकरी घडविणारें प्रचंड यंत्र सुरू झालें, तेव्हां तें पृथ्वी गिळून टाकील अशी बोलवा होती. ह्या सर्व अफवांत एक गोष्ट समान दिसेल. तारीख अगदीं जवळची असते, आणि हिशेब कोणीच दाखवीत नाहीं. भौतिकशास्त्रज्ञ ज्या अंताविषयीं बोलतात त्याचा प्रकार नेमका उलट आहे. तेथें हिशेब कागदावर मांडलेला असतो, आणि तारीख इतकी दूर असते कीं ती लिहितांना शून्यें मोजण्याचाच कंटाळा यावा.

धर्मग्रंथांत जगाच्या शेवटाविषयीं जें सांगितलें आहे त्याचा विचार आम्ही येथें करीत नाहीं. आमच्या शाळेंत पुराणांतील प्रलयाच्या कथा ऐकून वाढलेलीं मुलें आहेत, तशींच नव्या करारांतील शेवटच्या ग्रंथाचें वाचन ऐकून वाढलेलींहि आहेत. त्या कथांचा संबंध मनुष्यानें कसें वागावें याच्याशीं आहे. पदार्थविज्ञान त्या बाबतींत मुकें आहे; त्याला फक्त मापें व गणित कळतें. ह्या दोहोंची सरमिसळ करूं नये, असें ज्यानें आग्रहानें म्हटलें तो स्वतः धर्मगुरु होता. त्याचें नांव पुढें येईलच.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. पृथ्वीचा अंत निराळा आणि विश्वाचा अंत निराळा. आपला सूर्य सुमारें ४६० कोटी वर्षांचा आहे, व त्याच्या पोटांतील हायड्रोजनचें इंधन अजून सुमारें ५०० कोटी वर्षें पुरेल. त्यानंतर तो फुगून तांबडा व अवाढव्य होईल. पण पृथ्वीवरील जीवांस तितका अवधि नाहीं. कारण सूर्याचें तेज हळूहळू वाढत आहे, आणि साधारण १०० कोटी वर्षांत तें इतकें प्रखर होईल कीं समुद्र आटून जातील. (आपल्या पंचांगकर्त्यांचें एक कल्प ४३२ कोटी वर्षांचें, हें सूर्याच्या वयाच्या जवळपास येतें खरें. परंतु हा योगायोग आहे; त्यावरून पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें अनुमान काढणाऱ्यांनीं त्यामागचें मोजमाप दाखवावें.) हें सर्व घडून गेलें तरी विश्वाच्या दृष्टीनें तें एक दिवा विझल्यासारखें आहे. आकाशगंगेंत असे हजारों कोटी दिवे आहेत, आणि आकाशगंगेसारखे तारकासमूह, ज्यांस दीर्घिका म्हणतात, तेहि असंख्य आहेत. प्रश्न आहे तो ह्या सर्वांचें मिळून काय होणार, हा.

येथें आपल्या कृष्णामाईचें उदाहरण उपयोगीं पडेल. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी वाई, माहुली, कऱ्हाड असें करीत सांगलीस जाते. म्हणून सातारकर आणि सांगलीकर दोघेहि तिला आपली म्हणतात. सांगलीस आयर्विन पुलाजवळ तिच्या पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, हें तेथील मुलांस सांगावयास नको. महापुराच्या दिवसांत जो तो दुसऱ्यास दोन प्रश्न विचारतो : पाणी किती फूट आहे, आणि चढतें आहे कीं उतरतें आहे? पण जे जाणते असतात ते तिसराहि प्रश्न विचारतात. चढण्याचा वेग वाढतो आहे कीं मंदावतो आहे? तासाला अर्धा फूट चढणारें पाणी पुढच्या तासाला चारच बोटें चढलें, तर घरधनी धान्याचीं पोतीं माळ्यावर टाकून तेथेंच थांबेल. तेंच पाऊणफूट चढलें तर मुलांस कडेवर घेऊन निघेल. पाण्याची उंची दोन्ही वेळां सारखीच असूं शकते. निर्णय होतो तो तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. विश्वाच्या अंताचा सगळा वाद ह्याच तिसऱ्या प्रश्नाचा आहे.

ज्या १९२९ सालीं सांगलीचा हा पूल वाहतुकीस खुला झाला, त्याच सालीं अमेरिकेंत एडविन हबल या ज्योतिर्विदानें दाखवून दिलें कीं दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, आणि जी जितकी दूर तितका तिचा वेग अधिक. हें त्यास कसें कळलें? मिरजेच्या स्थानकावर उभे राहून न थांबणाऱ्या आगगाडीची शिटी ऐका. गाडी जवळ येत असतां शिटीचा सूर चढा असतो, आणि पुढें निघून जातांच तो एकदम उतरतो. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश तांबड्या रंगाकडे झुकतो, आणि तो किती झुकला हें मोजून वेग काढतां येतो. आजच्या मापाप्रमाणें दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतामागें सुमारें ७० किलोमीटर दर सेकंदास एवढा वेग वाढतो. (दोन निरनिराळ्या पद्धतींनीं मोजल्यास एकीनें ६७ व दुसरीनें ७३ असें उत्तर येतें, आणि हा फरक कां पडतो याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं.)

हबलच्या दोन वर्षें आधीं, १९२७ सालीं, बेल्जममधील झॉर्झ ल्मेत्र या रोमन कॅथलिक धर्मगुरूनें आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून हेंच अनुमान काढलें होतें. आणि १९३१ सालीं त्यानें असेंहि सुचविलें कीं, सर्व विश्व प्रारंभीं एका अतिशय दाट बिंदूवजा स्थितींत असलें पाहिजे. वर ज्यांचा उल्लेख केला ते धर्मगुरु हेच. त्यांच्या सिद्धांतांत कांहीं लोकांस सृष्टीच्या उत्पत्तीच्या शास्त्रवचनाचा पुरावा दिसूं लागला, तेव्हां त्यांनीं स्वतः त्या गोष्टीस आळा घालण्याचा यत्न केला.

फुगणें याचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. दीर्घिका रिकाम्या मैदानांत पळत सुटल्या आहेत असें नव्हे. रबराच्या पट्टीवर शाईचे ठिपके काढावे व ती ताणावी, म्हणजे प्रत्येक ठिपक्यास इतर सर्व ठिपके दूर जात आहेत असें वाटेल. मधला असा कोणताच ठिपका नाहीं. शिवाय ज्या वस्तु परस्परांच्या आकर्षणानें घट्ट बांधलेल्या आहेत त्या ताणल्या जात नाहींत. सह्याद्रि ताणला जात नाहीं, पृथ्वी ताणली जात नाहीं, आमच्या त्या आठवींतल्या मुलाचें घरहि नाहीं. ताण दिसतो तो दीर्घिकांच्या समूहांमधल्या विस्तीर्ण पोकळींत.

आतां अजिंक्यताऱ्यावर उभे राहून एक धोंडा सरळ वर फेकला अशी कल्पना करा. तो मंदावत मंदावत थांबेल व खालीं येईल. हवेचा अडथळा बाजूस ठेवला, आणि तोच धोंडा सेकंदास ११.२ किलोमीटर वेगानें फेकण्याचें सामर्थ्य कोणास असतें, तर तो सतत मंदावत गेला असता पण परत आला नसता. १९२२ सालीं रशियन गणिती अलेक्झांडर फ्रीडमन यानें विश्वाच्या बाबतींत याच जातीचीं उत्तरें काढलीं. विश्वांत द्रव्य भरपूर असेल तर त्याच्या आकर्षणानें प्रसरण एक दिवस थांबेल, मग आकुंचन सुरू होईल, दीर्घिका एकमेकींवर आदळतील, आकाश तापत जाईल आणि सर्व कांहीं पुन्हां एका तप्त बिंदूंत गोळा होईल. यास महासंकोच म्हणूं. द्रव्य थोडें असेल तर प्रसरण मंदावेल पण कधींच थांबणार नाहीं. दोन्ही पक्षीं एक गोष्ट मात्र सर्वांनीं गृहीत धरली होती, ती ही कीं प्रसरण मंदावत असलेंच पाहिजे. धोंडा वर जातांना वेग घेतो असें कोणी पाहिलें आहे?

न थांबणाऱ्या प्रसरणाचा शेवट कसला, हें समजण्यास गुऱ्हाळावर जावें. चुलाणांत चिपाड जळत असतें, काहिलींत रस उकळत असतो. जाळ विझला कीं काहील निवूं लागते; तिची उष्णता आसपासच्या हवेंत जाते, आणि सकाळपर्यंत काहील, चुलाण, हवा, सर्व सारख्याच ऊबेचें होतें. उष्णता नष्ट झालेली नाहीं, पण ती इतकी पसरली कीं तिच्याकडून आतां कोणतेंहि काम होणार नाहीं. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनीं १८५२ सालीं ह्या नियमाचा विस्तार करून पृथ्वी कायमची राहण्यायोग्य नाहीं असें मांडलें. आणि १८६५ सालीं क्लाउझियस या जर्मन शास्त्रज्ञानें ह्या पसरण्याच्या मापास 'एंट्रॉपी' असें नांव दिलें. हाच नियम सर्व विश्वास लावला म्हणजे जें चित्र दिसतें तें असें : नवे तारे जन्मण्याचें थांबेल, व सुमारें १ वर १४ शून्यें इतक्या वर्षांनीं शेवटचे मंद तारेहि विझतील. मग विझलेल्या ताऱ्यांचीं कलेवरें आणि कृष्णविवरें उरतील. कृष्णविवरेंहि अक्षय नाहींत, असें १९७४ सालीं स्टीफन हॉकिंग यांनीं गणितानें दाखविलें. सूर्याएवढ्या वजनाचें कृष्णविवर विरून जाण्यास १ वर ६७ शून्यें इतकीं वर्षें लागतील. त्यानंतर फक्त थंडी, काळोख आणि सर्वत्र सारखीच पसरलेली ऊब, तीहि शून्यवत्.

हें वाचून मन खिन्न होतें, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु विश्वाला असा शेवट नाहींच, असें म्हणणारा एक मोठा पक्ष विसाव्या शतकांत होता, आणि त्यांतला एक प्रमुख वीर सांगलीहून जवळच असलेल्या कोल्हापुरांत जन्मला होता. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरीं झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेहि मूळचे कोल्हापूरचेच. ते काशी हिंदू विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक असून आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचे आपल्या देशांतील आरंभीच्या अभ्यासकांपैकीं होते. त्यामुळें मुलाचें शिक्षण काशीस झालें. १९५७ सालीं पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, आणि तेथें त्यांस गुरु मिळाले ते फ्रेड हॉइल.

हॉइल, बाँडी व गोल्ड या तिघांनीं १९४८ सालीं स्थिर-स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्व फुगतें आहे हें त्यांस मान्य होतें. परंतु त्यास आरंभ नाहीं व अंतहि नाहीं, असें त्यांचें म्हणणें. फुगण्यानें जी जागा मोकळी होते तींत नवें द्रव्य उत्पन्न होत राहतें, म्हणून विश्वाची घनता कायम राहते. जुन्या दीर्घिका दूर जातात, नव्या जन्मतात. जशी नदी तीच, पाणी मात्र रोज नवें. त्यासाठीं किती द्रव्य लागावें? एक घनमीटर जागेंत शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा साधारण एक परमाणु. इतकी अल्प निर्मिति कोणत्याहि प्रयोगशाळेंत पकडतां येणार नाहीं, म्हणून ती अशक्य असें केवळ हंसून म्हणतां येत नव्हतें. प्रतिपक्षाच्या सिद्धांतास 'महास्फोट' या अर्थाचें आज सर्वतोमुखीं झालेलें इंग्रजी नांव हॉइल यांनींच १९४९ सालीं एका नभोवाणी-भाषणांत दिलें, ही मौजेची गोष्ट आहे.

१९६१ सालीं केंब्रिजमधीलच मार्टिन राइल यांनीं रेडिओ-लहरी फेंकणाऱ्या दूरच्या दीर्घिकांची गणती करून जाहीर केलें कीं, फार दूर, म्हणजेच फार पूर्वीं, त्यांची दाटी अधिक होती. अर्थात् विश्व बदलत आलें आहे व स्थिर-स्थिति खोटी. त्यास उत्तर देण्यास रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत हॉइल यांच्या वतीनें उभा राहिला तो हा बावीस वर्षांचा मराठी विद्यार्थी. पुढें १९६४ सालीं गुरुशिष्यांनीं मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला आणि नारळीकरांचें नांव हिंदुस्थानांत घरोघर झालें. १९६५ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांस पद्मभूषण मिळालें. आणि त्याच १९६५ सालीं अमेरिकेंतील पेंझियस व विल्सन यांस आकाशाच्या सर्व दिशांकडून सारखीच येणारी एक अतिमंद ऊब सांपडली. तिचें तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अवघें पावणेतीन अंश. महास्फोटाच्या पक्षानें ही थंड पडलेली राख आधींच वर्तविली होती. स्थिर-स्थितीच्या पक्षाजवळ तिचा सरळ उलगडा नव्हता. बहुतेक शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूस गेले.

ह्या ठिकाणीं आम्ही थोडें थांबतों, कारण आम्हांस शिकविण्यासारखें जें कांहीं वाटतें तें येथें आहे. सन्मान ज्या कार्याबद्दल मिळाला त्याचाच पाया त्याच वर्षीं डळमळावा, हा प्रसंग कोणासहि कठीण. नारळीकरांनीं पुरावा नाकारला नाहीं. ती ऊब आहे, हें त्यांनीं मान्यच केलें. ती महास्फोटाचीच राख आहे, हें मात्र त्यांस पटलें नाहीं. १९९३ सालीं हॉइल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनीं जुन्या सिद्धांतांत फेरफार करून नवा मांडला : विश्व एकंदरीनें फुगत जातें, पण फुगतां फुगतां हजारों कोटी वर्षांच्या आवर्तनांनीं तें आकुंचन-प्रसरणहि पावतें, आणि ती ऊब म्हणजे लोहाच्या बारीक सुयांसारख्या कणांनीं विखुरलेला ताऱ्यांचा जुना प्रकाश. बहुतेक ज्योतिर्विदांस हें पटलें नाहीं, आणि आमच्या अल्प समजुतीप्रमाणें पुराव्याचें पारडें त्यांच्याच बाजूचें आहे. परंतु १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेचे नारळीकर पहिले संचालक होते, आणि त्याच संस्थेंत प्रा. पद्मनाभन यांच्यासारखे महास्फोटाच्या चौकटींत काम करणारे विद्वान् वर्षानुवर्षें निर्वेधपणें संशोधन करीत राहिले. स्वतःच्या मताच्या विरुद्ध असलेल्या मतास आपल्याच घरांत पाट मांडून देणें, हें सर्वांस साधत नाहीं.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकारी यांच्यासह नारळीकरांनीं फलज्योतिषाचीहि एक परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांकडे दिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हें ओळखावयास सांगितलें. उत्तरें पाठविणाऱ्या २७ ज्योतिष्यांचें यश सरासरी ४६ टक्के निघालें, म्हणजे नाणें उडवून सांगितलें असतें तरी तितकेंच. अष्टग्रहीच्या अफवेस ज्या कसोटीवर घासावें तीच कसोटी आपल्या सिद्धांतासहि लावली पाहिजे, असा तो मनुष्य होता. २० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे परत येऊं. प्रसरण मंदावत आहे हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें, असें वर सांगितलें. तें किती मंदावतें हें मोजण्यासाठीं शास्त्रज्ञांच्या दोन तुकड्या निघाल्या. त्यांचें साधन म्हणजे सुपरनोव्हा, अर्थात् स्फोट पावलेले तारे. ह्यांतील एका जातीचें मूळ तेज ठाऊक असतें. म्हणून ते जितके अंधुक दिसतील तितके दूर, असा हिशेब करतां येतो. १९९८ सालीं दोन्ही तुकड्यांस आढळलें कीं दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षां अधिक अंधुक आहेत. प्रसरण मंदावत नव्हतें; गेलीं कित्येक कोटी वर्षें तें वेग घेत होतें! धोंडा वर जातांना अधिकाधिक जोरानें जात होता. ह्या शोधाबद्दल पर्लमटर, श्मिट व रीस यांस २०११ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या वेगामागच्या अज्ञात कारणास 'कृष्ण ऊर्जा' म्हणतात. आजच्या हिशेबानें विश्वांतील सुमारें ७० टक्के भाग तिचा आहे, आणि ती काय आहे हें कोणासहि माहीत नाहीं. नांव दिल्यानें वस्तु कळत नाहीं, हें आम्ही वर्गांत अनेकदां सांगतों. त्याचें याहून मोठें उदाहरण सांपडणें कठीण.

कृष्ण ऊर्जा कायम सारखी राहिली तर मागें वर्णन केलेली थंड, काळोखी अखेर येईल, फक्त अधिक एकाकी. कारण दूरच्या दीर्घिका एकेक करून दृष्टिआड होतील. ती ऊर्जा वाढत गेली तर मात्र त्या मुलानें ऐकलेली गोष्ट घडेल. २००३ सालीं कॉल्डवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक उदाहरण घेऊन हा हिशेब केला. त्यांत अंत सुमारें २,२०० कोटी वर्षांनीं येतो : त्याच्या सहा कोटी वर्षें आधीं आकाशगंगा विस्कटते, तीन महिने आधीं ग्रह सूर्यापासून सुटतात, अर्धा तास आधीं पृथ्वी फुटते, आणि शेवटच्या क्षणार्धांत परमाणुहि फाटतात. परंतु लक्षांत ठेवावें कीं तें 'असें असेल तर' या जातीचें गणित होतें. आणखी एक कल्पना सिडनी कोलमन यांची आहे. ज्या पोकळींत आपण आहों ती पूर्णपणें पक्की नसून कधींतरी तिच्यांत एक बुडबुडा उत्पन्न होईल, व तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें सर्व गिळीत जाईल. २०१२ सालीं सांपडलेल्या हिग्ज कणाच्या वजनावरून ही शंका अगदींच निराधार नाहीं असें दिसतें. मात्र त्यास लागणारा काळ विश्वाच्या आजच्या १,३८० कोटी वर्षांच्या वयापेक्षां अतोनात मोठा निघतो. म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आणि हिशेब अजून मिटलेला नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत किट पीक या डोंगरावर 'डेसी' नांवाचें एक उपकरण लक्षावधि दीर्घिकांचीं अंतरें मोजीत आहे. २०२४ च्या एप्रिलांत व पुन्हां २०२५ च्या मार्चांत त्याचे जे निकाल प्रसिद्ध झाले, त्यांवरून कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी असा संशय उत्पन्न झाला आहे. अजून तो संशयच आहे, शास्त्रज्ञ ज्यास शोध म्हणतात त्या खात्रीस तो पोंचलेला नाहीं. पण तो खरा ठरला तर प्रसरणाचा वेग पुन्हां ओसरूं लागेल, आणि मोडीत काढलेला महासंकोचहि कदाचित् विचारांत घ्यावा लागेल. महासंकोच झालाच तर तो सर्वनाश असेल काय? धुळे जिल्ह्यांतील शिरपुरास १९४९ सालीं जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर यांनीं, पावलोव्स्की व परमप्रीत सिंग यांच्यासह, २००६ सालीं सूक्ष्म गणितानें दाखविलें कीं द्रव्य पराकाष्ठेचें दाटलें म्हणजे गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजीं ढकलूं लागतें, व विश्व चेंडूसारखें उसळी घेतें. हेंहि प्रत्यक्ष पडताळून पाहिलेलें नाहीं. तथापि शेवटच्या पानाच्या मागें आणखी पान असूं शकतें, असें गणित सांगतें.

त्या पालकांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर, म्हणून, असें : मुलानें ऐकलें तें अनेक शक्यतांपैकीं एक आहे, आजच्या मापांस धरून पाहतां ती फारशी संभवनीय नाहीं, आणि संभवली तरी आपल्या समुद्रांच्या आटण्याच्या कितीतरी नंतरची आहे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या मुलाकडूनच मिळालें. त्यास खडूनें फळ्यावर शून्यें काढावयास सांगितलीं. २,२०० कोटी लिहून झाल्यावर आम्ही म्हटलें, "ह्यांत तुझें वय वजा कर." तो वजाबाकी करूं लागला, व मध्येंच हंसला. अर्धी बातमी ऐकून तो भ्याला होता. पुरी ऐकल्यावर दिवा मालवूं लागला, असें त्याच्या वडिलांनीं दिवाळीनंतर सांगितलें.

ज्यांस ह्या विषयाची गोडी लागेल त्यांनीं डिसेंबरच्या आरंभीं, चंद्र नसलेल्या रात्रीं, आठ वाजण्याच्या सुमारास गांवाच्या दिव्यांपासून दूर जाऊन आकाश पाहावें. कासच्या पठाराच्या बाजूस काळोख चांगला मिळतो, पण थोर माणसास बरोबर घेऊनच जावें. डोक्यावरून किंचित् पश्चिमेस चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्येकडील ताऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ निघते. तींतील दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशीं उत्तरेस वळून पाहिलें कीं एक फिकट धुरकट डाग सांपडेल. डोळे अंधारास सरावल्याशिवाय तो दिसत नाहीं. ती देवयानी दीर्घिका. तिचा जो प्रकाश डोळ्यांत शिरेल तो तेथून सुमारें २५ लाख वर्षांपूर्वीं निघालेला आहे. इतर बहुतेक दीर्घिका दूर जात असतां ही मात्र सेकंदास सुमारें ११० किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत आहे. ती आकाशगंगेवर ४०० ते ५०० कोटी वर्षांनीं आदळणारच, असें पुस्तकांतून आम्ही शिकविलें होतें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबांत, येत्या १,००० कोटी वर्षांत ती आदळण्याचा संभव सुमारें निम्माच निघाला आहे. आमच्या वहींतील तें पान आम्हीं खोडून पुन्हां लिहिलें आहे.